आमच्या सोसायटीचा कॅल्क्युलेटर

कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. समोरच्याला एक एरर येऊ द्यायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं, एवढंच काम. मी ऐरोलीच्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहीत निवृत्त झाले आणि जुईनगरला आमच्याच सोसायटीच्या रिकाम्या खोलीत ज्येष्ठांचा क्लास काढला. बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकवते. तेही जुन्या पद्धतीचं, प्रत्येक ओळीला नंबर देऊन. "आता बेसिक कोण वापरतं?" असं लोक विचारतात. माझे विद्यार्थी वापरतात. आणखी कोण पाहिजे?

आमचे सेक्रेटरी सावंत यांना त्या खोलीत जिम हवी होती. ते म्हणाले, "मॅडम, जनरल बॉडीत सगळ्यांसमोर तुमच्या लोकांनी बनवलेला साधा कॅल्क्युलेटर चालवून दाखवा. चालला तर खोली तुमची. नाय चालला तर ट्रेडमिल येणार."

मी म्हटलं, ठरलं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. यात घाबरण्यासारखं काय आहे?

*

आमच्या क्लासमधले कुलकर्णी शहराचे नकाशे काढणाऱ्या खात्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांचा प्रोग्रॅम पहिल्याच ओळीला अडला. बघते तर पहिल्या ओळीत इंग्रजी अक्षरांत 'श्री' लिहिलेलं. प्रोग्रॅम मशीनला समजावून देणारा कंपायलर बिचारा ही कुठली आज्ञा म्हणून अडून बसलेला.

"ही ओळ काढा," मी म्हटलं.

"कागदावर आधी श्री लिहिल्याशिवाय मी आजवर एक रेघ मारलेली नाही."

म्हणून मी त्यांना 'रेम' शिकवलं. ओळीच्या सुरुवातीला रेम लिहिलं की कंपायलर ती ओळ सोडून पुढे जातो. "ती मशीनसाठी नसते, वाचणाऱ्या माणसांसाठी असते," मी समजावलं. त्यांनी रेम घातलं, एरर गेली.

"माणसांसाठी नाहीये ती, मॅडम," कुलकर्णी शांतपणे म्हणाले.

*

ओळींना दहा, वीस, तीस असे नंबर द्या, हे मी सगळ्यांना घसा फोडून सांगते. मध्ये जागा असली की विसरलेली ओळ नंतर घालता येते. कुलकर्ण्यांनी एक, दोन, तीन असे नंबर दिले. मग गुणाकार राहिल्याचं लक्षात आलं आणि तो घुसवायला जागाच नाही! सगळे नंबर बदलले, पण कुठल्या ओळीवर जायचं ते आकडे जुनेच राहिले. बेरीज मागितली की वजाबाकी व्हायची.

"मोकळी जागा का नाही ठेवलीत?" मी चिडूनच विचारलं.

"नोकरीत एकच गोष्ट शिकलो, मॅडम. मोकळी जागा ठेवली की अतिक्रमण होतं."

*

दुसरे म्हात्रे. पावणे गावचेच, तिथेच त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. उत्तर दाखवून झालं की प्रोग्रॅमने पुन्हा सुरुवातीला जायचं होतं. म्हात्र्यांनी त्याला उत्तर दाखवायच्या ओळीवरच परत पाठवलं. स्क्रीनभर बारा, बारा, बारा धो धो यायला लागले.

"म्हात्रे, बंद करा ते."

"बंद कशाला? मशीन चालू हाय, माल निघतोय."

"अहो, एकच माल निघतोय!"

"मंग तेवरीच ऑर्डर हाय समजा."

चालू मशीन बंद करायला त्यांचा हातच धजेना. शेवटी मीच बंद केलं.

*

म्हात्र्यांची मुलगी सॉफ्टवेअरमध्ये आहे. बाबांचे हाल बघून तिने एआयकडून अख्खा कॅल्क्युलेटर लिहून घेतला आणि पाठवून दिला. पहिल्या फटक्यात चालला. एक एरर नाही. माझी तर काळजीच मिटली, मीटिंगला हाच दाखवू म्हटलं.

म्हात्र्यांनी तो दोनदा चालवून बघितला आणि डिलीट केला.

"चालत तर व्हता की!" मी म्हटलं. त्यांच्याशी बोलताना माझी भाषाही तशीच होते.

"चालत व्हता, पन बिघरला तर खोलायचा कुठून? ज्ये आपन जोरलं नाय, त्ये आपल्याला खोलता येत नाय."

*

आता पेडणेकर काकू. यजमान गेल्यापासून काकू तिसऱ्या मजल्यावर एकट्या असतात. खोली गेली असती तर आम्ही बाकीचे चरफडलो असतो आणि घरी बसलो असतो. काकूंचं मात्र संध्याकाळी कुणाशी बोलणंच थांबलं असतं. हे मला माहीत होतं, आणि त्याचं वाईटही वाटत होतं.

मीटिंगला दाखवायच्या कॅल्क्युलेटरमधला भागाकार काकूंकडे होता. त्यांच्या लेखी भागाकार म्हणजे वाटप. प्रोग्रॅम पहिला प्रश्न विचारायचा, वस्तू किती? दुसरा, माणसं किती? करून बघताना काकूंनी माणसांच्या जागी टाकलं, '१०-१२'. मशीनने सांगितलं, पुन्हा पहिल्यापासून भरा.

"काकू, एकच आकडा टाका."

"जेवायला किती येणार हे आजवर कुणी नक्की सांगितलंय का गं?"

*

जनरल बॉडीच्या दिवशी आमचा कॅल्क्युलेटर मोठ्या पडद्यावर लावला. बेरीज झाली, वजाबाकी झाली, गुणाकार झाला. सावंत माइक घेऊन पुढे आले. "भागाकार मी करणार," म्हणाले. वस्तू टाकल्या पन्नास. माणसं टाकली शून्य. माझ्याकडे बघून हसले.

भल्याभल्यांचे प्रोग्रॅम शून्याने भागताना कोसळतात. काकूंना त्याबद्दल मी बोललेच नव्हते.

पण प्रोग्रॅम कोसळला नाही. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ आली. सावंतांनी ती सवयीने माइकवर वाचली.

"घ्यायला कोणीच नाही. आधी माणसं बोलवा."

हॉल हसला. सावंत हसले नाहीत. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचली, माइक बंद केला आणि काकूंच्या खुर्चीपाशी गेले.

"काकू, माझी आई दिवसभर घरात एकटीच असते. तिला इंग्रजी येत नाय. क्लासला पाठवली तर चालेल?"

"पाठव की," काकू म्हणाल्या. "खुर्ची मी माझ्या घरून आणते."