ताटातली लिंबाची फोड

काल बायकोनं माझ्या सदऱ्यावरच्या रश्श्याच्या डागावर लिंबू चोळलं आणि त्या वासानं रशीद आठवला. शाहूपुरीत आम्ही एका खोलीत राहायचो. त्याची अम्मी कोडोलीहून रिठ्याच्या पाण्यात धुतलेले शर्ट पाठवायची. त्यांचा शुभ्रपणा बघून मी जळायचो.

आम्ही दोघं एकाच नोकरीच्या मुलाखतीला निघालो होतो. खानावळीत त्याच्या शर्टावर रस्सा सांडला.

"आता काय लावू रं?"

रश्श्यातल्या हळदीच्या डागाला लिंबू लागतं, हे मला ठाऊक होतं. ताटातली फोड मी माझ्या रश्श्यात पिळली आणि म्हणालो, "साबण घास की."

साबणानं डाग लालभडक झाला.

"आसू दे, तू चांगल्यासाठीच सांगितलंस," म्हणत तो तसाच आला.

नोकरी मला लागली. पहिला पेढा त्यानंच भरवला.

"गेला बघा डाग," बायको म्हणाली. मला सदरा हातात घेववेना.