मीठ घातलेला बर्फ

आमच्या ह्यांना कुणी काही शिकवलेलं चालत नाही. शहापुरात मागावर चाळीस वर्षं काढली, तुटलेला धागा डोळे मिटून जोडला, म्हणजे जगातलं सगळंच आपल्याला जमतं असा त्यांचा समज. मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिस सुरू झालं, तर पहिल्याच महिन्यात हे त्या मशीनच्या चुका काढू लागले.

माझी किडनी त्यांना जुळत होती आणि मी द्यायला तयार होते. अडलं होतं रक्तावर. हिमोग्लोबिन सातच्या वर सरकेना. रक्त तयार करायला लावणारं हार्मोन मूत्रपिंडातूनच येतं, ते बंद पडलंय, म्हणून त्याचं इंजेक्शन घ्यायचं, असं डॉक्टरांनी समजावलं. बाहेरचं रक्त चढवणं ते टाळत होते, कारण मग शरीर माझी किडनी नाकारायची भीती वाढते. सगळी भिस्त त्या बोटभर इंजेक्शनवर.

ते घरून न्यायचं, द्यायचं डायलिसिस संपताना, आणि तोवर थंड राहायला हवं. थर्मासात साधा बर्फ पुरला असता. पण ह्यांनी तरुणपणी गल्लीतल्या लग्नांत पॉटचं आईस्क्रीम फिरवलेलं. बर्फ, वर मूठभर खडेमीठ, पुन्हा बर्फ, आणि मधोमध इंजेक्शन. मला हात लावू देत नसत. कंग्राळीच्या एका पेशंटलाही ही विद्या शिकवून झाली होती. गार औषध झोंबू नये म्हणून अर्धा तास आधी इंजेक्शन बाहेर काढून मोकळ्या हाताच्या मुठीत धरून बसायचे.

तीन महिने गेले, आकडा सातावरच. डॉक्टरांनी डोस वाढवला, लोह तपासलं, गळ्यातल्या कुठल्याशा ग्रंथीचं हार्मोनही तपासलं. सगळं ठीक. शेवटी रक्त चढवायची गोष्ट निघाली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढच्या खेपेला ह्यांना मशीनवर झोप लागली, म्हणून निपाणीकडच्या सिस्टरनं थर्मास स्वतःच उघडला. एरवी ह्यांच्या मुठीत वितळून सिस्टरच्या हाती जायचं, ते औषध गोठून घट्ट झालेलं.

"हे गोठलं की वाया जातंय, मावशी," ती म्हणाली. "बर्फात काय घालताय?"

मी सांगितलं. मिठानं बर्फ आणखी गार होतो, म्हणून तर आईस्क्रीम जमतं, हे तिनं मला शांतपणे समजावलं. ह्यांना जाग आल्यावर मी सुनावलं, की तीन महिने तुम्ही पोटात आईस्क्रीम टोचून घेत होता. सगळा वॉर्ड हसला. हे हसले नाहीत. आधी कंग्राळीवाल्याला फोन लावायला सांगितलं.

थर्मास माझ्या ताब्यात आला. आकडा साडेआठ झाला, नऊ झाला, मग दहाच्या वर गेला. आता ऑपरेशनची तारीख धरू, असं डॉक्टर म्हणाले. हे आता श्रेय घेणार, अशी माझी खात्री होती. पण घरी आल्यावर मागाजवळ बसले आणि म्हणाले, "तुला दुखंल गं."

एवढ्या दिवसांत हे सुचलं नाही का, असं मी विचारलं.

"मीठ काय मुद्दाम न्हवतं घातलं," ते म्हणाले. "पर आकडा चढंना तवा आतनं बरं वाटायचं. तुला कापणं तेवढंच लांबतंय म्हणून."

मला त्यांचा भयंकर राग आला. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले.