जेवताना जंत नकोत

आमच्या कामातले किस्से फार साठतात, कारण ते सांगायला जागाच मिळत नाही. जेवताना सुरू केले की लोक ताटावरून उठतात, लग्नकार्यात सुरू केले की खुर्ची लांब सरकवतात. ऐंशीच्या दशकात मी भिवंडीत डॉ. कर्णिकबाईंच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले आणि पुढची कित्येक वर्षं स्टूलच्या सँपलमध्ये जंतांची अंडी शोधत बसले. तुमचा चहा पिऊन झालाय, म्हणून सांगते.

*

आमची लॅब पहिल्या मजल्यावर आणि खाली पॉवरलूम. लूम सुरू असल्या की टेबल थरथरायचं आणि मायक्रोस्कोपखाली सगळं नाचायला लागायचं. बाईंनी म्हणून आरशावर चालणारा जुना मायक्रोस्कोप जपून ठेवला होता. लाइट गेली की लूम थांबायच्या, गल्लीभर शिव्या सुरू व्हायच्या आणि आम्ही दोघी आरसा खिडकीतल्या उन्हाकडे वळवून आनंदानं कामाला लागायचो.

एकदा लाइट गेल्यावर खालचे लूममालक अन्सारीचाचा वैतागून वर आले. आम्ही खुशीत. ते म्हणाले, "बिजली जाती है तो सारा मोहल्ला रोता है, आप दोनों हंसती हैं."

बाई म्हणाल्या, "चाचा, तुमच्या लूम थांबतात तेव्हाच माझे जंत एका जागी बसतात."

चाचा दारातून आत सरकले. मग हळूच म्हणाले, "मेरा भी पेट ठीक नहीं है. कल बिजली जाए तो मेरा भी देख लेना."

*

कचेरीतले एक कारकून होते, आपण त्यांना लेले म्हणू. घर पक्कं शाकाहारी. त्यांच्या सँपलमध्ये पट्टकृमीची अंडी निघाली. पट्टकृमी म्हणजे फितीसारखा लांब जंत. रिपोर्ट घ्यायला लेलेवहिनीही बरोबर आल्या होत्या, आणि असा जंत मटणातून होतो हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं. त्यांनी तिथंच चौकशी सुरू केली. साहेबांबरोबर दौऱ्यावर जाता तेव्हा काय खाता? लेले देवाच्या शपथा घेत होते, वहिनींचे डोळे भरून आले होते.

बाईंना दया आली. त्यांनी स्लाइड पुन्हा नीट पाहिली आणि सांगितलं, की हा मटणातला नव्हेच, हा उंदरांचा जंत. धान्यातले किडे उंदरांच्या लेंड्या खातात, आणि असा किडा पिठातून माणसाच्या पोटात गेला की हा होतो. लेलेसाहेब निर्दोष.

लेल्यांचा चेहरा उजळला. वहिनींचा मात्र लाल झाला. "म्हणजे माझ्या पिठात किडे? माझ्या स्वयंपाकघरात उंदीर?" असं म्हणून त्या तडक जिना उतरल्या.

लेले जरा मागे रेंगाळले आणि बाईंना म्हणाले, "बाई, मटणच राहू दिलं असतं तर बरं झालं असतं."

*

अंजूरहून विठा नावाची एक बाई आपल्या लहान मुलीला कडेवर घेऊन आली. मुलीच्या पावलावर लाल, वळणावळणाची रेघ उठली होती आणि ती रोज पुढे सरकत होती. गावात सांगितलं होतं की ही नागीण. तिचं तोंड शेपटाला मिळालं की माणूस जातं. रेघेच्या दोन टोकांत बोटभर अंतर उरलं होतं. विठानं धसक्यानं जेवण सोडलं होतं.

बाईंनी बॉलपेननं रेघेच्या टोकाशी खूण केली आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. दुसऱ्या दिवशी रेघ खुणेच्या पुढे जाऊन भलतीकडेच वळली होती. मग बाईंनी समजावलं. हा कुत्र्याचा जंत. कुत्र्यांनी घाण केलेल्या रेतीत अनवाणी खेळलं की त्याची अळी कातडीत शिरते. कुत्र्याच्या पोटात ती बरोबर पोचते, माणसाच्या अंगात तिला रस्ता सापडत नाही, म्हणून कातडीतच फिरत बसते. विठाच्या घराशेजारी नव्या गोडाऊनसाठी रेतीचा ढीग पडला होता आणि गावची पोरं दिवसभर त्यावर.

"म्हंजे ती वाट चुकलीय?" विठानं विचारलं.

"हो."

"मंग माजी पोर मरायची न्हाय?"

"नाही."

विठा बाकावर बसली आणि पदर तोंडाशी धरून मोकळी रडली. औषधानं रेघ सुकली. पाऊल दाखवायला आली तेव्हा मुलगी पहिल्यांदाच बोलली. तिनं बाईंना विचारलं, "ती बिचारी आता तिच्या कुत्र्याकडं कशी जानार?"



*

बाईंनी अंजूरला जाऊन रेतीवर ताडपत्री घालायला लावली. पुढच्या खेपेला पाहिलं तर कुत्री ताडपत्रीवर झोपलेली आणि पोरं शेजारी घसरगुंडी खेळत होती. तेव्हा बाईंनी ठरवलं, आता कुत्र्यांनाच औषध द्यायचं. सुरुवात आमच्या गल्लीपासून केली.

गोळी पावात घालून दिली. कुत्र्यांनी पाव खाल्ला आणि गोळी थुंकली. शेवटी अन्सारीचाचांनी घरून खिमा आणला. मग काय, गोळ्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी तीच कुत्री शेजारच्या गल्लीतले दोस्त घेऊन हजर.

जिन्यावर बसलेला एक लूम कामगार हे सगळं बघत होता. त्याला बाईंनी जंतांचंच कडू औषध दिलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, कुत्ते को खिमा-पाव में, और हमको खाली पेट?"

*

आता माझ्या लग्नाचं. मला बघायला पडघ्याचं एक शेतकरी घर आलं होतं, मुलगा भिवंडीत शाळामास्तर. आईनं बजावलं होतं, की काय काम करतेस विचारलं तर रक्त तपासते एवढंच सांग. तसं सांगितलं. मुलाच्या आईनं आधी पोहे संपवले. त्या म्हणाल्या, "रगत सोडून आनखी काय बघता?"

मी खरं ते सांगितलं. मुलाच्या मावशीनं हातातली बशी खाली ठेवली. मंडळी "कळवतो" म्हणून निघून गेली आणि आईनं माझ्याशी अबोला धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या आई एकट्याच लॅबमध्ये आल्या, पदराखाली डबी. बरेच दिवस पोट दुखत होतं, अंग उतरत चाललं होतं. गावचा डॉक्टर पुरुष, मुलाला सांगायची लाज. "घरात कुनाला ठावं न्हाय," एवढंच म्हणाल्या.

मी स्लाइड लावली. लांबुळकी, एका टोकाला निमुळती अंडी दिसली. बाईंनीही पाहिलं. शेळ्यांचा जंत. त्या परसात लेंडीखत घालून मुळा लावायच्या आणि उपटला की पदराला पुसून तिथंच खायच्या. बाईंनी औषध दिलं, मुळा धुवून खायला सांगितलं. दुखणं थांबलं, अंग भरलं. मी कुणाकडेही बोलले नाही. पडघ्याहून होकार आला तेव्हा हे कसं काय जमलं, ते आईला काही केल्या कळेना.

लग्नाच्या पंगतीत एका चुलत सासूबाईंनी माझ्या सासूबाईंना विचारलं, सून नीट पारखून घेतलीस ना?

सासूबाईंनी माझ्या ताटात जिलबी वाढली आणि म्हणाल्या, "मी कसली पारखतेय तिला? तिनंच मला पारखलीय. आतून."