आडातलं पदक

आमच्या लातूरच्या गल्लीतल्या ताई जहाजावर राहून समुद्राचे प्रवाह मोजायच्या. त्या कामात तेव्हा दुसरं बाईमाणूस नव्हतंच म्हणे. जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ होता. त्या सुटीवर आल्या आणि आल्या दिवसापासून गल्लीचा आड मोजायला लागल्या. हातहातावर गाठी मारलेली दोरी तळापर्यंत सोडायची, ओल्या गाठी मोजायच्या आणि घरटी किती घागरी ते कठड्यावर खडूनं लिहायचं. कुणी एक घागर जास्त शेंदली, की पोहरा काढून घेत. मलाही सोडलं नाही. फक्त दोरीच्या टोकाचा दगड सारखा निसटायचा.

"ताई, एवढा दर्या मोजला, आता या आडात काय मोजायलात?" मी चिडून विचारलं.

"दर्या आटत न्हाई, भाऊ."

पुढं कचेरीत दर्यावरच्या कामाबद्दल त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पितळेचं जाडजूड पदक. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर दगडाच्या जागी पदक बांधलेलं!

"वजन बरं हाय," त्या दोरी सोडत म्हणाल्या. "सरळ तळाला जातं."

मग ओल्या गाठी मोजून त्यांनी खडू उचलला. "आज दोनच."

मी तिसरी घागर रिकामीच गुपचूप घरी ठेवून आलो.