आखाड्यावर राहिलेले बाबाराव

सोमवार, सकाळची ओपीडी. हजर: मी (कॅन्सरची डॉक्टर), बोरीचे बाबाराव, त्यांचा मुलगा शिवाजी. गैरहजर: बाबारावांची लहानगी नात. खरा विषय तिचाच निघाला.

बाबारावांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलेला. आधीच्या इंजेक्शनांचा, गोळ्यांचा असर संपल्यावर त्यांनी हैदराबादला ल्युटेशियम घेतलं. हे किरणोत्सारी औषध शिरेतून जातं, कॅन्सरच्या पेशींना चिकटतं आणि तिथेच मारा करतं. काही महिने बरे गेले. आता पीएसए, म्हणजे रक्तातली या आजाराची खूण, पुन्हा चढत होती. पुढची पायरी केमो. त्यासाठी रक्तपेशी पुरेशा हव्यात आणि माणूस हिंडता-फिरता हवा.

रक्त ठीक होतं. बाबाराव व्हीलचेअरवर होते.

“वजन एवढं कसं उतरलं? जेवत नाहीत का?”

“हैदराबादहून आल्यापासून आखाड्यावरच राहायलेत, मॅडम. शेतातल्या खोलीत. डबा नेला तर अर्धा कुत्र्याला घालतेत.”

“कशासाठी?”

“अंगातून किरणं निघतेत, लेकरांपासून लांब राहा, असं सांगितलं होतं ना.”

“ते थोड्या दिवसांपुरतं!”

“मी बी तेच म्हणलं. तर म्हणले, पुढचा डोस हायच, कशाला जा-ये करू?”

“पण डोस संपून महिने झाले.”

आता बाबाराव बोलले. “पोरगी लय गळ्यात पडती, मॅडम. तिला काही झालं तर? तुमी लिहून देता का?”

“देते. आत्ता देते.”

“आता व्हय? एवढे महिने गेल्यावर?” ते म्हणाले.

सगळा दोष आखाड्याचा नाही. आजारानेही ताकद खाल्ली असणार. पण अर्धपोटी, एकट्याने काढलेले ते महिने अंग सावरायचे होते. त्या अवस्थेत केमो दिली असती तर आजाराआधी औषधच अंगावर आलं असतं. मी दुखऱ्या हाडाला रेडिएशन, जेवणात अंडी-डाळ आणि रोज थोडं चालणं ठरवून दिलं.

बाबाराव घरी आले, पण बाज ओसरीत टाकून. नात उंबऱ्यात बसून त्यांच्याशी बोलते. वजन थोडं वाढलंय, केमो सोसेल इतकं नाही.

उपचारांचा क्रम आम्ही औषधांच्या नावांनी मांडतो. दोन औषधांच्या मधे पेशंट कुठे झोपतो, कोणासोबत जेवतो, हेही त्याच क्रमात धरायला हवं. ल्युटेशियम घेऊन आलेल्यांना आता मी आधी विचारते, “घरात परत आलात का?”

बाबारावांच्या केमोची तारीख अजून टाकायची आहे.