एकावन्न रुपयांची पेटी

"मास्तरला एकावन्नात दिली अन् वरून दहा वापस केले! मग मला किंमत सांगायला का तोंडात कुलूप घातलंय, अप्पा?" लिंबागणेशचा तो गडी इतक्या जोरात ओरडत होता, की चौसाळ्याच्या हायवेवरचे ट्रक ब्रेक लावून ऐकत असतील. त्याच्यापुढं त्यानं मापानं करून घेतलेली धान्याची कोठी उभी होती. छातीइतकी उंच, आत बोटभर पत्रा दुमडून केलेली कड, उंदराच्या बापजाद्यांनाही शिरता येऊ नये असं झाकण. कोठीच्या पलीकडं खाली पोत्यावर बसलेला मन्मथ, म्हणजे हाच तो अप्पा, हातात लाकडी हातोडा, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. स्टुलावर चहाचा ग्लास धरून मी. मास्तर म्हणजे मीच.

"किंमत तुमी सांगायची," मन्मथ म्हणाला. "मापाच्या वस्तूची आमी सांगत न्हाई."

"मंग ह्यांची कुणी सांगितली?" गडी माझ्याकडं वळला. "मास्तर, तुमीच बोला. एकावन्न खरं का न्हाई? दहा वापस दिले, खरं का न्हाई?"

मन्मथचा हातोडा वरच थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं… ही आमची शेवटची भेट. मी काय उत्तर दिलं ते सांगणारच आहे, पण त्याआधी थोडं मागं जावं लागेल. मला उशीर लावायचा आहे असं कुणाला वाटलं, तर तेही खोटं नाही.

मन्मथ आणि मी पहिलीपासून एका पाटावर. तो सातवीनंतर वडिलांच्या पत्र्याच्या दुकानात बसला, मी शिकून जिल्हा परिषदेचा मास्तर झालो. त्याचं दुकान म्हणजे नऊ बाय बाराची खोली. पुढं तयार पेट्या एकावर एक रचलेल्या, त्यांवर रंगानं किमती लिहिलेल्या. त्यात घासाघीस नाही. ऊसतोडीला जाणारी जोडपी दसऱ्याच्या आसपास यायची आणि त्या पेट्या डोक्यावर घेऊन जायची. पण मन्मथचा जीव अडकलेला होता तो मापाच्या वस्तूंत. म्हणजे गिऱ्हाईक येऊन हातवारे करून सांगणार, 'अशी अशी पायजे', आणि हा खडूनं जमिनीवर काढणार. भजनी मंडळाच्या पेटीला पेटी, हवा लागावी म्हणून भोकं पाडलेला भाकरीचा डबा, एका म्हातारीला तर दात ठेवायला काडेपेटीएवढी पेटी कडीकोयंड्यासकट करून दिली होती. (दातांची गोष्ट मी रंगवतो असं लोक म्हणतात. म्हातारी खरी होती, कोयंडाही खरा होता. आत दात होते की तपकीर, ते मी उघडून पाहिलं नाही.)

या मापाच्या वस्तूंचा त्याचा एक नेम होता. वस्तू तयार झाली की गिऱ्हाइकानं झाकण उघडायचं, हात घालून बघायचं, झाकण लावायचं आणि स्वतःच्या तोंडानं किंमत सांगायची. तोंडातून जो आकडा पहिला निघेल, तो मन्मथ घ्यायचा. त्यात वाढ नाही, घट नाही. "पैला बोल झाला," एवढंच म्हणायचा. एकदा मी विचारलं, "अबे, हे कावून रे असं? येडा हाईस का?" तर म्हणाला, "तयार पेटी माझ्या डोक्यातली. तिची किंमत मला ठावी. मापाची पेटी त्यांच्या डोक्यातली. दुसऱ्याच्या डोक्यातल्या वस्तूचा भाव मी कसा करू?"

आणि गंमत अशी, की हे चालायचं. लोक किंमत सांगताना घाम पुसायचे. साखर कारखान्यावर चढ्या आवाजात भाव ठोकणारे मुकादम त्या पोत्यासमोर उभे राहिले की आवाज खाली यायचा. बाजारात लोकांनी दोन रुपयांसाठी भाजीवालीचा जीव घेतलेला मी पाहिलाय, पण इथं उलट. आकडा बाजारभावापेक्षा वरच निघायचा. ऊसतोडीच्या एका बाईनं भाकरीचा डबा घेतला, त्यावर बसून बघितलं, कडी दोनदा लावली-काढली, आणि असा आकडा सांगितला की मन्मथचे कान लाल झाले. "बाई, लई होतंय," असं म्हणण्याचीही त्याला सोय नव्हती, कारण पैला बोल झाला होता. दुसरा कुणी आपल्याला छाटू लागला तर माणूस भांडतो. स्वतःच्या तोंडानं लहान व्हायला सहसा कुणी तयार नसतं.

सहसा.

मी मुख्याध्यापक झालो त्या वर्षी मन्मथला पेटी सांगितली. साधी नाही. आत पुस्तकांना कप्पे, मानपत्रं आडवी ठेवायला वेगळा खण, झाकण तिरपं म्हणजे लिहायला टेकता येईल, आणि आतून हिरवा रंग. चार वेळा मी माप बदललं. एकदा तर तयार खण उसवायला लावला, कारण एक मानपत्र दोन बोटं रुंद निघालं. मन्मथनं तोही उसवून दोन बोटं वाढवला. अकरा दिवस त्यानं दुसरं काम हातात धरलं नाही.

पेटी न्यायला मी एकटा गेलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण मी एकटा कधी कुठं गेलोय? बरोबर चार मास्तर आणि केंद्रप्रमुख. मन्मथचा नेम त्यांना दाखवायचा होता, म्हणजे खरं तर मन्मथला दाखवायचा होता, जत्रेत दाखवतात तसा. खिशात पंधराशे रुपये घडी घालून तयार होते. पेटी खरोखर देखणी झाली होती. झाकण लावलं तर आवाज आला नाही, नुसता श्वास सोडल्यासारखं झालं. मन्मथनं हात फडक्याला पुसले आणि म्हणाला, "बोल, मास्तर."

माझ्यामागं पाच माणसं उभी होती. माझी जीभ वळवळली. "एकावन्न रुपये!" मी म्हणालो आणि वरच्या खिशातून पन्नासची नोट आणि एक रुपया काढून धरला. "अन् त्यातच तुझा चहा बी आला."

सगळे खो खो हसले. मला वाटलं, आता हा मला आईवरून शिवी देणार, मी खिशातून पंधराशे काढणार, पाठीवर थाप, चहा, खेळ खलास. मन्मथ म्हणाला, "बरं." माझ्या हातातली पन्नासची नोट आणि वरचा रुपया घेतला, सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि पेटीला बांधायला सुतळी शोधू लागला. केंद्रप्रमुख अजून हसत होते. पेटी गाड्यावर चढली तेव्हा एका बाजूनं मन्मथनंच हात लावला होता.

संध्याकाळी मी पंधराशे घेऊन परत गेलो. त्यानं पैशाकडं पाहिलंही नाही.

"पैला बोल झाला, मास्तर."

"अबे, गंमत केली बे मी!"

"पेटी मी गंमत म्हणून केली नव्हती," तो म्हणाला. आवाज चढला नाही, उतरला नाही. मग म्हणाला, "बस. चहा पिऊन जा." मी बसलो. चहा प्यालो, आणि पंधराशे तसेच खिशात घालून घरी आलो.

इतपत असतं तर चूक म्हणता आली असती. पुढचं मी केलं ती चूक नव्हती, ती कारखानदारी होती. शाळेत चर्चा सुरू झाली, मास्तरनं बालपणीच्या दोस्ताला लुटलं. मला ते सहन होईना. मी गोष्ट रचली. मी एकावन्न म्हणालो तेव्हा मन्मथ इतका हसला की हातोडा त्याच्याच पायावर पडला, लंगडत लंगडत आला, म्हणाला, 'एकावन्न लई झाले रे, दोस्ताकडून कुणी एवढे घेतं का', आणि दहा रुपये वापस केले, वरून पावशेर भजी मागवली. गोष्टीतला मन्मथ डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसायचा. ही गोष्ट मी लग्नाच्या मांडवात सांगितली, बीडच्या स्टँडवर सांगितली, परळीच्या रेल्वे स्टेशनवर गाडी चार तास लेट होती तेव्हा अनोळखी माणसांना सांगितली, आणि त्यांतल्या एकानं पुढच्या वर्षी तीच गोष्ट मलाच सांगितली. त्यात भजीची जिलेबी झाली होती. मन्मथच्या दुकानात बसून, मन्मथच्या देखतही सांगितली. कुणी विचारायचं, "खरं का अप्पा?" तो पत्रा कापता कापता म्हणायचा, "मास्तरला इचारा." एक शब्द बोलला असता तर माझं नाक चौसाळ्याच्या चौकात कापलं गेलं असतं. पंधरा वर्षं तो तो शब्द बोलला नाही.

त्या गोष्टीनं त्याच्या दुकानाचं काय केलं, ते मला दिसत होतं. लोक 'एकावन्नवाला अप्पा' विचारत लांबलांबून यायला लागले. झाकण उघडून न बघताच "एकावन्न" म्हणायचे आणि माझ्यासारखे हसायचे. त्यांना वाटायचं, अप्पाला हे आवडतं, हा अप्पाचा खेळच आहे. मन्मथ "बरं" म्हणायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, एकदा माझ्यासमोरच त्याला म्हणाल्या, "पाटी लावा की भावाची. न्हाईतर मापाचं काम बंद करा." तो म्हणाला, "आकडा त्यांचा हाय. आपण का बदलायचं?" वहिनींनी घरात फॉल-पिकोची मशीन घेतली. मशीनचा आवाज दुकानापर्यंत यायचा. मी त्या आवाजात बसून चहा प्यायचो, गोष्टी सांगायचो.

तर, शेवटची भेट. लिंबागणेशचा गडी माझ्याकडं बघतोय, मन्मथचा हातोडा वर थांबलेला, मशीनचा आवाजही थांबलेला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मन्मथ माझ्या उत्तराची वाट बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. काय होतं ते मी नेहमीप्रमाणं रचून सांगू शकतो, पण नाही सांगत. दुकानात सातआठ माणसं जमली होती, आणि सातआठ माणसं जमली की माझं काय होतं ते मी वर सांगितलंय.

"खरं हाय की!" मी म्हणालो. "दहा न्हाई, अकरा दिले होते वापस."

हशा झाला. गड्यानं एकावन्न रुपये पोत्यावर टाकले. मन्मथ म्हणाला, "बरं," आणि हातोडा पत्र्यावर आपटला. मी निघालो तेव्हा मागून म्हणाला, "मास्तर, ऊन लई हाय. रुमाल बांधून जा."

एकोणीस दिवसांनी त्याच्या पुतण्याचा फोन आला. सकाळी शटर वर केलं, पोत्यावर बसला, तो बसलाच. त्यांच्या समाजात माणसाला बसवून मूठमाती देतात. कपाळावर विभूतीचे पट्टे, मांडी घातलेली. रोज दुकानात बसायचा तसाच. मला पुढं बोलावलं. हातात माती घेतली तेव्हा वाटलं, की आत्ता, निदान आत्ता, त्याच्याशी खरं बोलावं. पण तिथंही माणसं होती.

गणाराधनेच्या, म्हणजे त्यांच्यातल्या दिवसकार्याच्या, दिवशी जेवणं झाली. मांडवात लोक पान खात बसले होते. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, अप्पाची एकावन्नची गोष्ट सांगा. तेवढंच बरं वाटंल." मी उभा राहिलो आणि खरी गोष्ट सांगितली. अकरा दिवस, चार वेळा बदललेलं माप, खिशातले पंधराशे, "बरं", सगळं. हातोडा पायावर पडला नव्हता, दहा रुपये वापस आले नव्हते, भजी नव्हती. माझा आवाज कापत होता. मधेच कुणीतरी मांडीवर थाप मारून हसलं. "आरं बाप रं, मास्तरनं आता रडायची गोष्ट बी आणली!" मग बाकीचे हसले. मी म्हणालो, "अहो, खरं सांगतोय." त्यावर जास्तच हसले. लिंबागणेशचा गडीही जेवायला आलेला होता. तो माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, मयताच्या घरी तरी फेकू नका."

मी आत गेलो. वहिनी मशीनपाशी खाली बसल्या होत्या, बॉबिनवर दोरा गुंडाळत. मी त्यांच्यासमोर बसलो आणि पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून ते त्या अकरा रुपयांपर्यंत. त्यांनी मला कुठंही अडवलं नाही. मला त्यांनी शिव्या द्याव्यात, उठून जा म्हणावं, काहीही म्हणावं असं वाटत होतं. मी म्हणालो, "वहिनी, आता ही खरी गोष्टच मी जागोजाग सांगत फिरणार. चौकात उभा राहून सांगीन. कुणी हसलं तरी सांगीन."

त्यांनी बॉबिन भरली, दोरा दातानं तोडला.

"जुनीच सांगत जावा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तिच्यात ह्ये हसतेत."