वाळल्यावर दिसणारा निळा

चारकोपच्या नव्या खोलीत सामान लावण्याआधी रंगकाम उरकायचं होतं. मी तेव्हा आठवीत होते. रंगाऱ्याने दारासमोरच्या भिंतीवर डिस्टेंपरचे दोन पट्टे ओढले होते, एक बदामी आणि एक निळा. वडिलांनी निवड आईवर सोडली होती.

देवनारला आमच्या गल्लीत जयंतीच्या आधी चुन्यात नीळ कालवून भिंती रंगवत. तिथे सगळ्यांच्याच भिंती निळ्या, त्यामुळे कुणी काही विचारत नसे. इथे मजल्यावर आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. रंग ठरवायला सोबत आलेल्या मामाला ते तसंच राहायला हवं होतं. तो विक्रोळीला एका कंपनीत कारकून होता. त्याच्या दारावरच्या पाटीवर आडनाव नव्हतं.

"ताई, बदामी घे. दार उघडलं की पहिली ही भिंत दिसते. निळी बघितली की लोकांना कळतं."

"काय कळतं?"

"माझ्या तोंडून वदवू नको ना."

"बोल की. तोंडात गुळणी धरलीस काय रे?"

"आपण जयभीमवाले, ते."

"मग? खोटं आहे का ते?"

"माझ्याकडे शेजारीण येऊन चहा पिते, ताई. इतकी वर्षं."

"कळल्यावर पिईल?"

मामा खिडकीकडे गेला.

रंगाऱ्याने निळ्या पट्ट्याला बोट लावून पाहिलं. "बाई, ओला आहे म्हणून गडद वाटतो. वाळला की फिका पडणार. आकाशी होईल."

मामा लगेच वळला. "मग हरकत नाही. आकाशी कुणाच्या डोळ्यावर येत नाही. तोच लाव."

आईने बादलीत वाकून पाहिलं.

"अजून निळा घाल," ती रंगाऱ्याला म्हणाली.

"बाई, भडक होईल."

"होऊ दे. वाळल्यावर दिसला पाहिजे."

त्याने घातला. बदामी पट्टा झाकायला दोन हात द्यावे लागले. मामा तेवढा वेळही थांबला नाही.

राहायला गेल्यावर आई देवनारसारखंच दिवसभर दार उघडं ठेवू लागली. मजल्यावरची बाकी दारं बंद असत. चौथ्या दिवशी समोरच्या बाई आल्या. आईने चहा ओतला. बाई उंबऱ्यातच थांबल्या.

"भलताच निळा लावलात हो."

"मुद्दाम लावलाय. आम्ही बौद्ध. या ना आत."

दूध उतू जाईल असं सांगून त्या परत गेल्या. आईने तो चहा खुर्चीत बसून स्वतः प्यायला. खुर्ची दारातच होती, आणि दार तिने संध्याकाळपर्यंत लावलं नाही.